जकात नाके उठले, बसचे नाके कायम!

१ जुलै २०१७ रोजी देशभर वस्तू व सेवा कर लागू झाला आणि मुंबईच्या वेशीवरची जकात इतिहासजमा झाली. मुलुंड, दहिसर, ऐरोली, मानखुर्द येथील नाक्यांवर मालमोटारींच्या ज्या रांगा वर्षानुवर्षे लागत, त्या पाहता पाहता नाहीशा झाल्या. पुढे १४ ऑक्टोबर २०२४ च्या मध्यरात्रीपासून मुंबईच्या पाचही प्रवेशद्वारांवर हलक्या मोटारींचा पथकर माफ झाला. मालाला वेस उरली नाही, मोटारवाल्यालाही वेस उरली नाही. वेस उरली ती एकट्या बसप्रवाशाला. खिशात मासिक पास घेऊन थांब्यावर ताटकळणाऱ्या या माणसासाठी मुंबई, ठाणे, नवी मुंबई, कल्याण, वसई ही आजही स्वतंत्र संस्थाने आहेत.

बेस्टची बस ठाण्यापर्यंत येते, ठाण्याची बोरिवलीला जाते, नवी मुंबईची मुंबईत शिरते, हे खरे. परंतु बस वेस ओलांडते. पास ओलांडत नाही. बेस्टच्या पासावर ठाणे परिवहनाच्या बसमध्ये बसता येत नाही आणि ठाण्याच्या पासाला नवी मुंबईचा वाहक ओळखत नाही. एकाच रस्त्यावरून, एकाच दिशेने, एकाच थांब्यावर थांबत दोन उपक्रमांच्या बस धावतात आणि प्रवाशाने आपल्या पासाच्या रंगाची बस येईपर्यंत समोरची रिकामी बस सोडून द्यायची! सरदार पटेलांनी साडेपाचशेहून अधिक संस्थाने विलीन केली, त्याला पाऊणशे वर्षे उलटली. आमच्या महानगर प्रदेशातील अर्धा डझन बस-संस्थानांना एका वेळापत्रकाखाली आणणे मात्र कोणालाही साधलेले नाही. हे अपयश कोणाचे, आणि त्याची किंमत कोण मोजतो आहे, हा प्रश्न आता स्पष्टपणे विचारला पाहिजे.

पाच जिल्हे, नऊ महापालिका

मुंबई महानगर प्रदेश पाच जिल्ह्यांत पसरला आहे. मुंबई शहर, मुंबई उपनगर, ठाणे, पालघर आणि रायगड या जिल्ह्यांचा संपूर्ण वा काही भाग त्यात येतो. या प्रदेशात बृहन्मुंबई, ठाणे, नवी मुंबई, कल्याण-डोंबिवली, उल्हासनगर, भिवंडी-निजामपूर, मीरा-भाईंदर, वसई-विरार आणि पनवेल अशा नऊ महापालिका आहेत. अंबरनाथ-बदलापूरसारख्या नगरपालिका निराळ्या. बससेवा बेस्ट, ठाणे, नवी मुंबई, कल्याण-डोंबिवली, मीरा-भाईंदर, वसई-विरार अशा वेगवेगळ्या उपक्रमांत वाटलेली. शिवाय राज्य परिवहन महामंडळाची एसटी आहेच. उपनगरी रेल्वे केंद्राची, आणि तीही मध्य व पश्चिम अशा दोन विभागांत विभागलेली. मेट्रो तरी एका छत्राखाली असावी? वर्सोवा-घाटकोपर मार्ग एका खाजगी कंपनीने चालवला, दोन-अ व सात या मार्गांसाठी दुसरी कंपनी निघाली, भुयारी तीनसाठी तिसरी, आणि नवी मुंबईची मेट्रो सिडकोने उभारली. एका घरात चार चुली मांडाव्यात तसा हा प्रकार आहे.

या चुलींचा हिशेब प्रवाशाच्या एका दिवसात मांडून पाहावा. कल्याण पूर्वेला राहणारा आणि ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये कामाला जाणारा कामगार घरापासून स्थानकापर्यंत शेअर रिक्षाने येतो, कारण बस केव्हा येईल याचा भरवसा नसतो. पुढे लोकल, त्यानंतर ठाण्याची बस. मीरा रोडला राहून ऐरोलीच्या संगणक कंपनीत जाणाऱ्या तरुणीला घोडबंदर मार्गे तीन महापालिकांच्या हद्दी ओलांडाव्या लागतात. या हद्दींचे फलकसुद्धा तिला दिसत नाहीत. दिसते ती प्रत्येक टप्प्यावर नव्याने लावायची रांग. एका उपक्रमाची बस पोहोचण्याची वेळ आणि दुसऱ्याची सुटण्याची वेळ यांचा मेळ घालण्याची जबाबदारी कोणाचीच नाही.

येथे एक मूलभूत गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे पहिली आगगाडी धावली, तेव्हापासून या प्रदेशाची रेल्वे दक्षिणेकडे तोंड करून वाढली. तिचे काम सकाळी माणसे फोर्टात आणायची आणि सायंकाळी परत न्यायची. परंतु गेल्या तीन-चार दशकांत रोजगार फोर्टातून उठला. तो वांद्रे-कुर्ला संकुलात गेला, अंधेरीत गेला, ऐरोली-महापे-तळोज्यात गेला, वागळे इस्टेटमध्ये आणि भिवंडीच्या गोदामांत गेला. म्हणजे प्रवासाची दिशा बदलली. पूर्वी उत्तर-दक्षिण जाणारा माणूस आता पूर्व-पश्चिम जातो, एका उपनगरातून दुसऱ्या उपनगरात जातो. या आडव्या प्रवासाला रेल्वेचा आधार तोकडा आहे. ठाणे-वाशी मार्ग २००४ मध्ये सुरू झाला, तो या दृष्टीने वरदानच. पण दिवा-वसई मार्गावर आजही गाड्यांच्या मोजक्याच फेऱ्या आहेत. हा आडवा प्रवास तातडीने आणि स्वस्तात सांभाळू शकेल असे साधन एकच, ते म्हणजे बस. आणि नेमकी बसच हद्दीवर अडखळते!

संस्थाने झाली कशी?

मुंबईत पहिली बस १५ जुलै १९२६ रोजी धावली. १९४७ मध्ये बेस्ट उपक्रम महापालिकेच्या ताब्यात आला आणि पुढची कित्येक दशके त्याने अशी सेवा दिली की, वेळेच्या बाबतीत लोक घड्याळाऐवजी बेस्टवर विसंबत. तोपर्यंत मुंबई ही मुंबईतच राहत होती. नंतर ती ओसंडली. १९८२ च्या संपाने गिरण्यांची धुराडी थंडावली, गिरगाव-दादरच्या चाळींतील खोल्या वाढत्या कुटुंबांना अपुऱ्या पडू लागल्या, जागांचे भाव मध्यमवर्गाच्या हाताबाहेर गेले. मराठी कुटुंबे डोंबिवली, बदलापूर, विरारकडे सरकली. २००१ ते २०११ या दशकात मुंबई शहर जिल्ह्याची लोकसंख्या चक्क घटली. आणि तेव्हाचा अविभाजित ठाणे जिल्हा २०११ च्या जनगणनेत १ कोटी १० लाख लोकसंख्येसह देशातील सर्वांत मोठा जिल्हा ठरला. घर जिल्ह्याबाहेर गेले, नोकरी मात्र जिथल्या तिथे राहिली किंवा तिसऱ्याच जिल्ह्यात गेली.

या स्थलांतराबरोबर नव्या महापालिका निर्माण झाल्या. ठाणे १९८२, कल्याण १९८३, नवी मुंबई १९९२, वसई-विरार २००९, पनवेल २०१६. स्थानिक स्वराज्य विस्तारले, हे स्वागतार्हच. परंतु बहुतेकींनी आपापला परिवहन उपक्रम काढला. ठाण्याचा १९८९ मध्ये, नवी मुंबईचा १९९६ मध्ये, कल्याण-डोंबिवलीचा १९९९ मध्ये. बाकीचे त्यामागून आले. उपक्रम म्हटला की परिवहन समिती आली, समिती आली की सभापती आला, सभापतीला दालन आणि गाडी आली. पक्षातील नाराजांचे समाधान करायला आणखी एक पद हाती लागले. बस किती वेळेवर धावतात यापेक्षा समितीत आपले सदस्य किती, याची चर्चा अधिक रंगू लागली. याला कोणताही पक्ष अपवाद नाही. ज्यांच्याकडून वेगळ्या वर्तनाची अपेक्षा होती, तेही नाहीत, हे खेदाने नमूद केले पाहिजे.

खरा अडसर पैशाचा

हद्दीचा प्रश्न वरवर भावनेचा वाटतो. मुळात तो तोट्याचा आहे. जगात कोठेही शहरी बस केवळ तिकिटाच्या पैशावर चालत नाही. कोणीतरी तूट भरून काढते. बेस्टची तूट एके काळी शहर विभागातील वीजग्राहकांच्या बिलांतून भरली जात असे. पुढे तो मार्ग बंद झाला आणि बेस्ट महापालिकेच्या अनुदानाकडे डोळे लावून बसली. स्वतःच्या मालकीच्या बस कमी होत गेल्या, भाड्याच्या बस आल्या. जुलै २०१९ मध्ये किमान भाडे पाच रुपयांवर आणले तेव्हा प्रवासी परतले. मे २०२५ मध्ये तेच भाडे दुपटीने वाढून दहा रुपये झाले. अन्य उपक्रमांची स्थिती याहून बरी नाही.

अशा वेळी एका महापालिकेची बस दुसरीच्या हद्दीत धावली की सभागृहात प्रश्न येतो, ‘आमच्या करदात्याच्या पैशाने शेजारच्या शहराचे प्रवासी का न्यायचे?’ प्रश्न ऐकायला बिनतोड वाटतो. म्हणूनच कपातीची वेळ आली की पहिली कुऱ्हाड हद्दीबाहेरच्या फेऱ्यांवर पडते. जोवर तूट ज्याची त्याची आहे, तोवर बस ज्याची त्याचीच राहणार. सहकार्याच्या बैठका, परिसंवाद, सामंजस्य करार यांनी यात तसूभरही फरक पडणार नाही. तूट वाटून घेण्याचे सूत्र ठरले तरच मार्ग वाटून घेता येतील.

आणि ‘आमचा पैसा, तुमचे प्रवासी’ म्हणणाऱ्या मुंबईच्या कैवाऱ्यांना एक प्रतिप्रश्न विचारला पाहिजे. मुंबईच्या नळाला पाणी कोठून येते? तानसा आणि भातसा ही जलाशये ठाणे जिल्ह्यातील आहेत. शहापूरच्या डोंगरातील पाणी शेकडो गावांच्या उशाशी साठते आणि मुंबईकरांच्या घरात पोहोचते. पाण्याला हद्द आड येत नाही. रोज पहाटे कसारा, कर्जत, विरार, पनवेलहून मुंबईत येणाऱ्या श्रमाला आणि बुद्धीला हद्द आड येत नाही. त्यावरच मुंबईची कार्यालये, रुग्णालये, बँका चालतात. मग त्याच माणसाला घरी पोहोचवण्याचा खर्च निघाला की हद्द कोठून उगवते?

वाट ठाऊक आहे, चालायचे कोणी?

हा प्रश्न असाध्य आहे असे म्हणावे, तर तो अनेकांनी सोडवला आहे. जर्मनीतील हॅम्बुर्ग शहराने १९६५ मध्येच मार्ग दाखवला. तेथेही शहराची भुयारी रेल्वे एका कंपनीची, उपनगरी रेल्वे केंद्र सरकारच्या मालकीची, बस आणि बोटी आणखी निराळ्या कंपन्यांच्या. त्यांनी कंपन्या मोडल्या नाहीत. वर एक संयुक्त संस्था बसवली. मार्ग, वेळापत्रक आणि तिकीट तिच्याकडे दिले, उत्पन्न एकत्र करून ठरल्या सूत्राने वाटले. प्रवाशाच्या हातात एक तिकीट आले. पुढे हॅम्बुर्ग राज्याच्या सीमेपलीकडचे, शेजारच्या राज्यांतील जिल्हेही या व्यवस्थेत सामील झाले. नंतर युरोपातील शहरांमागून शहरांनी हीच रीत उचलली.

परदेशाचे दाखले नकोसे वाटत असतील तर देशातील घ्यावेत. दिल्ली-गाझियाबाद-मेरठ मार्गावर धावणारी नमो भारत जलद रेल्वे ज्या महामंडळाने उभारली, ते २०१३ मध्ये स्थापन झाले. त्यात केंद्राचा निम्मा वाटा. उरलेला दिल्ली, हरियाणा, उत्तर प्रदेश आणि राजस्थान या चार राज्यांत प्रत्येकी साडेबारा टक्के. वेगवेगळ्या पक्षांची सरकारे एका ताळेबंदावर आली. २०२३ मध्ये दिल्लीच्या तत्कालीन सरकारने आपला हिस्सा देण्यास टाळाटाळ केली, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या जाहिरातबाजीच्या खर्चावर बोट ठेवून पैसे भरायला सुनावले. हिस्सा लेखी ठरलेला होता म्हणूनच न्यायालय तो मागू शकले. आमच्याकडे मुळात हिस्साच ठरलेला नाही. मागणार काय आणि कोणाकडे?

घरातला दाखला हवा असेल तर पुण्याकडे पाहावे. २००७ मध्ये पुणे आणि पिंपरी-चिंचवड या दोन महापालिकांचे बस उपक्रम एकत्र आले. तुटीचा भार साठ-चाळीस या प्रमाणात वाटला गेला. निगडीहून कात्रजला जाणाऱ्या प्रवाशाला दापोडीच्या पुलावर महापालिका बदलल्याची जाणीव राहिली नाही. पुण्याची बससेवा आदर्श आहे, असा दावा कोणी करणार नाही. अध्यक्षांच्या वारंवार बदल्या, जुन्या गाड्या, ग्रामीण फेऱ्यांचा खर्च कोणी उचलायचा याचे वाद, हे सारे तेथे आहे. पण त्या दोषांची कारणे विलीनीकरणानंतरच्या कारभारात आहेत. पुन्हा दोन उपक्रम करा, असे तेथील प्रवासी म्हणत नाही.

आणि खुद्द मुंबईत? रेल्वेचे रूळ वाढवण्यासाठी १९९९ मध्ये मुंबई रेल्वे विकास महामंडळ स्थापन झाले. केंद्र आणि राज्य यांनी ५१:४९ असा वाटा उचलला. रुळांसाठी पंचवीस वर्षांपूर्वी जे जमले, ते बससाठी का जमू नये?

२००६ च्या राष्ट्रीय नागरी परिवहन धोरणाने दहा लाखांवरील शहरांसाठी एकात्मिक परिवहन प्राधिकरणे स्थापावीत, असे सुचवले. महाराष्ट्राने तत्परता दाखवली. २००८ मध्येच मुंबई महानगरासाठी मुख्य सचिवांच्या अध्यक्षतेखाली असे प्राधिकरण शासन निर्णयाने जन्माला घातले. मात्र त्याला कायद्याचे बळ दिले नाही, स्वतंत्र निधी दिला नाही, कोणत्याही उपक्रमाला आदेश देण्याचा अधिकार दिला नाही. दात नाहीत, नखे नाहीत, केवळ आयाळ. तामिळनाडूने चेन्नईसाठी २०१० मध्ये कायदा केला आणि उशिरा का होईना, प्राधिकरण कार्यान्वित केले. केरळने २०१९ मध्ये कायदा करून पुढच्याच वर्षी कोचीचे प्राधिकरण सुरू केले. कर्नाटकाने बंगळुरूसाठी २०२२ मध्ये कायदा केला. केरळच्या डाव्या राज्यकर्त्यांशी आमचे वैचारिक मतभेद सर्वज्ञात आहेत. परंतु प्रवाशाच्या सोयीचा कायदा त्यांनी आधी केला असेल, तर ते मान्य करण्यात कमीपणा कसला? देशाला सहकारी चळवळीचा धडा देणाऱ्या महाराष्ट्राने सहकार्याच्या बाबतीत मागे राहावे, याची खंत मात्र वाटली पाहिजे.

सबबी आणि उत्तरे

पहिली सबब स्वायत्ततेची. लोकनियुक्त महापालिकांचे अधिकार काढून घेणार काय, असे विचारले जाते. उत्तर सोपे आहे. २०२० ते २०२२ या काळात या प्रदेशातील महापालिकांच्या मुदती एकामागून एक संपल्या आणि २०२२ च्या उत्तरार्धापासून नऊच्या नऊ महापालिकांवर राज्य शासनाचे प्रशासक होते. पुढची तीन वर्षे सभापती नव्हते, समित्या नव्हत्या, सभागृहातील गदारोळ नव्हता. नऊही प्रशासक एकाच मंत्रालयाच्या आदेशाने चालत होते. ‘येत्या पहिल्या तारखेपासून एक पास सर्वत्र चालेल,’ एवढा आदेश काढायला कोणी अडवले होते? अशी संधी शासनाला शतकात एकदा येते. ती वाया गेली. त्यामुळे स्वायत्ततेचा अडसर ही सबब आता कोणी पुढे करू नये. इच्छाशक्तीचा अभाव, हे तिचे खरे नाव आहे.

दुसरी सबब मेट्रोची. ‘थोडा धीर धरा, मेट्रोचे जाळे पूर्ण झाले की प्रश्नच मिटेल.’ मेट्रो हवी, याबद्दल दुमत नाही. आरेपासून कफ परेडपर्यंत साडेतेहतीस किलोमीटरचा भुयारी मार्ग ऑक्टोबर २०२५ मध्ये पूर्णपणे खुला झाला, ही अभिमानाचीच गोष्ट आहे. ठाणे, भिवंडी, कल्याण, मीरा-भाईंदरकडे जाणारे मार्गही आखले गेले. पण मेट्रोचे स्थानक घराच्या दारात येत नाही. तेथवर नेणारी बस वेळेवर नसेल तर प्रवासी दुचाकी काढतो, आणि एकदा दुचाकी काढली की तो थेट कामावरच जातो. अब्जावधी रुपयांच्या मेट्रोचे यश त्या पहिल्या दोन किलोमीटरच्या बसवर अवलंबून असते, हे नियोजनकारांना कळत नाही असे नाही. पण बसच्या उद्घाटनाला कोनशिला बसवता येत नाही, ही अडचण आहे!

तिसरी सबब तंत्रज्ञानाची. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते ‘मुंबई वन’ या मोबाइल अॅपचा आरंभ झाला. उपनगरी रेल्वे, मेट्रो, मोनोरेल आणि बेस्ट, ठाणे, नवी मुंबई, कल्याण-डोंबिवली, मीरा-भाईंदर यांच्या बस, अशा अकरा सेवा त्यात एकत्र आल्या. पाऊल योग्य दिशेचे आहे, त्याचे मनःपूर्वक स्वागत. तथापि आरंभीच्या त्या अकरांत वसई-विरारची बस नव्हती, हेही ध्यानात घ्यावे. शिवाय अॅप तिकीट देते, बस देत नाही. अकरा दुकानांची पावती एका खिडकीवर मिळाली म्हणून दुकाने एक होत नाहीत. तिकिटांची बेरीज एका पडद्यावर दिसणे निराळे आणि संपूर्ण प्रवासाचे एक रास्त भाडे असणे निराळे. पहिले काम अभियंत्यांचे होते, ते त्यांनी केले. दुसरे राज्यकर्त्यांचे आहे.

चौथी सबब तोट्याची. बस तोट्यात चालते, म्हणून ती कमी करा किंवा ठेकेदाराला देऊन मोकळे व्हा, असा सल्ला अर्थतज्ज्ञ म्हणवणारे देत असतात. मोटारींचा पथकर माफ करताना तोट्याची भाषा कोणाच्या तोंडून ऐकू आली नाही. दोन-तीन मोटारी जेवढा रस्ता अडवतात, तेवढ्या जागेत एक बस पन्नास माणसे नेते. रस्ता, पाणी, दिवाबत्ती यांचा नफा कोणी विचारत नाही. मग गरिबाला कामावर आणि मुलीला महाविद्यालयात पोहोचवणाऱ्या बसनेच नफा का दाखवावा?

किंमत मोजणारे

हा वाद भाडे आणि मार्ग यांपुरता असता तर एवढे लिहिण्याचे कारण नव्हते. बस भरवशाची नाही, म्हणून सारा भार लोकलवर पडतो. रोज पंचाहत्तर लाखांच्या आसपास प्रवासी तिच्यात कोंबले जातात. २९ सप्टेंबर २०१७ रोजी एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या अरुंद पुलावर चेंगराचेंगरीत २३ जणांचे प्राण गेले. पुढच्या वर्षी स्थानकाला प्रभादेवीचे नाव मिळाले, ते उचितच झाले. पण देवीच्या नावाच्या स्थानकात माणसाचा जीव सुरक्षित असणे, हा त्या नावाचा खरा मान. २०२३ या एका वर्षात मुंबईच्या उपनगरी मार्गांवर अडीच हजारांहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. जून २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने, प्रवाशांना गुरांसारखे प्रवास करावा लागतो याची शरम वाटते, अशा आशयाचे ताशेरे ओढले. त्यानंतर वर्षभराने, ९ जून २०२५ रोजी, मुंब्र्याजवळच्या वळणावर दोन लोकल शेजारून जात असताना दारात लटकलेले प्रवासी रुळांवर फेकले गेले. त्यांतील काही घरी परतलेच नाहीत.

ठाण्याच्या पलीकडे राहणाऱ्याने ठाण्याला यायचे तर लोकलच्या दारात लोंबकळण्यावाचून त्याला दुसरा विश्वासार्ह पर्याय आम्ही दिला आहे काय? रूळ वाढवणे, डबे वाढवणे, दारे बंद करणे हे सारे झाले पाहिजे. पण जवळच्या अंतराचा प्रवासी बसकडे वळवला, तर दूरच्याला लोकलमध्ये पाऊल ठेवायला जागा मिळेल. हे काम काही महिन्यांत होऊ शकते. बोगदे खणावे लागत नाहीत, जमीन संपादन करावी लागत नाही. हद्दीचा हट्ट तेवढा सोडावा लागतो.

दुसरी किंमत मृत्यूच्या आकड्यांत दिसत नाही. रोज चार तास प्रवासात घालवणारा माणूस घरी पोहोचतो तेव्हा मुले झोपलेली असतात. आजी-आजोबांशी बोलणे रविवारवर गेलेले असते. गणेशोत्सवाच्या मंडळाला कार्यकर्ते मिळत नाहीत, ग्रंथालयांच्या कार्यकारिणीत सत्तरीच्या आतले कोणी दिसत नाही, सेवावस्तीतील अभ्यासिका चालवायला तरुण येतो म्हणतो आणि येत नाही. त्याला आपण उदासीन ठरवतो. तो उदासीन नाही, थकलेला आहे. कुटुंबव्यवस्था टिकली पाहिजे, समाजजीवन सशक्त झाले पाहिजे, असे व्यासपीठांवरून सांगणाऱ्या आपण सर्वांनी एकदा कल्याणच्या फलाटावर रात्री नऊ वाजता उभे राहावे. कुटुंबाचा वेळ कोण खातो आहे, ते तेथे दिसेल.

काय झाले पाहिजे?

मागण्या थोड्या आहेत, पण त्या नेमक्या असाव्यात. पहिली, प्राधिकरण कायद्याचे हवे आणि त्याचा शब्द सर्व बस उपक्रमांवर बंधनकारक हवा. रेल्वे आणि मेट्रो कंपन्यांचे अधिकारी त्यात केवळ निमंत्रित म्हणून न बसता मतदानाच्या अधिकारासह बसावेत. दुसरी, तूट वाटण्याचे सूत्र लोकसंख्या आणि प्रत्यक्ष धावलेले किलोमीटर यांवर ठरावे. राज्याचाही निश्चित वाटा त्यात असावा आणि तो अर्थसंकल्पात छापलेला दिसावा. तिसरी, सर्व महानगर प्रदेशासाठी अंतरावर आधारलेले एकच भाडे आणि लोकलच्या मासिक पासाला थोडी रक्कम जोडून कोणत्याही उपक्रमाच्या बसमध्ये चालणारा एकच पास. चौथी, मार्ग हद्द पाहून न आखता माणसांची ये-जा पाहून आखावेत. स्थानकाबाहेरची बस लोकलच्या वेळेला बांधलेली असावी आणि शेवटच्या लोकलने उतरणाऱ्या स्त्रीला शेवटची बस मिळालीच पाहिजे. पाचवी, या सर्वांचा प्रमुख पूर्णवेळ असावा आणि किमान तीन वर्षे त्याची बदली होऊ नये.

यात महापालिकांचे उपक्रम मोडण्याची गरज नाही. गाड्या त्यांच्या, आगारे त्यांची, चालक-वाहक त्यांचे राहू द्यावेत. हॅम्बुर्गने तेच केले. प्रवाशाला बसवरचे बोधचिन्ह कोणाचे आहे याच्याशी कर्तव्य नसते. गणवेश वेगवेगळे असले तरी संचलनाचा ताल एक असू शकतो, हे या साप्ताहिकाच्या वाचकांना समजावून सांगायला नको.

उरतो प्रश्न दबावाचा. उपनगरी प्रवाशांच्या संघटना वर्षानुवर्षे निवेदने देत आल्या आहेत. त्यांच्या पाठीशी समाज उभा राहिला नाही, म्हणून ती फाइलींत राहिली. मत मागायला दारात येणाऱ्याला आपण गटार, नळ, दिवे यांबद्दल विचारतो. बसबद्दल विचारत नाही, कारण ती आपल्या प्रभागाबाहेर जाते. नगरसेवकाला तेच हवे असते. यापुढे प्रत्येक सोसायटीने, प्रत्येक मंडळाने, ज्येष्ठ नागरिक संघाने आपल्या लोकप्रतिनिधीला, मग तो कोणत्याही पक्षाचा असो आणि विशेषतः आपला असेल तर अधिक आग्रहाने, एकच प्रश्न लेखी विचारावा आणि लेखी उत्तर मागावे: ‘आमचा पास वेस केव्हा ओलांडणार?’

तारखेसह उत्तर देईल, तोच आपला प्रतिनिधी.